वारा डेन्मार्कचा, गच्ची अंधेरीची

प्रस्तावना

१८७८ साली मुंबईत ‘सोलर हीट’ नावाचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. लेखक विल्यम अ‍ॅडम्स हा मुंबईच्या न्यायालयातला अधिकारी. उष्ण प्रदेशात इंधन म्हणून उन्हाचा वापर करता येईल, असे त्याचे म्हणणे होते आणि ते त्याने करून दाखवले होते. फ्रान्समध्ये ऑगस्तँ मूशो हा गणिताचा शिक्षक शंकूच्या आकाराच्या चकचकीत धातूच्या आरशाने पाणी उकळवून वाफेचे यंत्र चालवत होता. तसा आरसा करणे खर्चिक, आणि त्याची चकाकीही लवकर जाई. अ‍ॅडम्सने काचेचे लहान सपाट आरसे अर्धगोलात मांडले, त्यांचे ऊन एका बाष्पकावर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप कुलाब्यात चालवला. मुंबईला कोळसा समुद्रमार्गे आणावा लागे, तो महाग पडे. ऊन मात्र दारात होते. त्याने परदेशातली कल्पना घेतली, आपल्या गावाची अडचण ओळखली आणि आरसा बदलला. एका देशाने दुसऱ्याकडून ऊर्जेबाबत काय शिकावे, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर या शहरात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी हाताने घडवून ठेवले आहे.

अक्षय ऊर्जेविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की दोन वाक्ये ठरलेली असतात. “जर्मनीला जमले, मग आपल्याला का नाही?” हे पहिले. “तिथले वेगळे, इथले वेगळे,” हे दुसरे. दोन्ही वाक्ये विचार थांबवतात. जर्मनीला नेमके काय जमले, कोणाच्या पैशाने जमले आणि काय जमले नाही, हे पहिल्यात विचारलेले नसते. वेगळे म्हणजे नेमके काय, पाऊस, जमीन, वीजबिल की गच्चीची मालकी, हे दुसऱ्यात सांगितलेले नसते. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या, वीजबिल भरणाऱ्या, सोसायटीच्या सभांना बसणाऱ्या काही जणांनी हे दोन्ही प्रश्न चिकाटीने विचारले. त्यातून हे पुस्तक झाले. या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला सगळा प्रदेश एकदा डोळ्यांखालून घालता यावा, म्हणून ही प्रस्तावना थोडी ऐसपैस लिहीत आहे.

मुंबई अक्षय ऊर्जेवर नव्याने येत नाही, तिच्या गिरण्यांची वीज तिथूनच आली, हे आधी लक्षात घ्यायला हवे. जमशेटजी टाटांच्या मनात असलेली जलविद्युत योजना त्यांच्या मृत्यूनंतर आकाराला आली. १९११ साली लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा इथली वीजघरे आली. पाणचक्क्या, नळ, जनित्रे युरोप-अमेरिकेतून बोटीने आली. पण आल्प्समध्ये बर्फ वितळून उन्हाळाभर पाणी वाहते. सह्याद्रीत चार महिने कोसळते आणि मग ओढे कोरडे पडतात. म्हणून इथल्या अभियंत्यांनी घाटमाथ्यावर तलावांची माळ बांधली, पावसाळ्याचे पाणी वर्षभरासाठी साठवले आणि पूर्वेकडे जाणारे ते पाणी पश्चिमेला, कोकणात, पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली सोडले. यंत्र परक्याचे होते, पाण्याचे वेळापत्रक आपल्याला लिहावे लागले.

त्या वेळापत्रकात एक रकाना मात्र कोरा राहिला. १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यातले मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा धुराविना वीज त्यांनाही नको नव्हती. विचारल्याविना जमीन जाणे त्यांना मान्य नव्हते. धरण झाले, गावे बुडाली, मुंबई उजळली. जगभर ऊर्जाबदलाच्या चर्चेत ‘न्याय्य संक्रमण’ हा शब्द आज ऐकू येतो. त्या शब्दामागचा प्रश्न मुळशीत शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला होता, आणि मला तो या सबंध विषयातला सर्वांत मोठा प्रश्न वाटतो.

उपनगरांची कथा थोडी निराळी. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली. जुन्या लोकांच्या तोंडी आजही ‘बीएसईएस’च आहे. पुढे ती रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. अंधेरी-बोरिवलीच्या दिव्यांसाठी १९९०च्या दशकात डहाणूला ५०० मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र उभे राहिले. तिथले चिकू बागायतदार, आदिवासी आणि मच्छीमार यांच्या विरोधामुळे डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी वर्षानुवर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले आणि धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला कंपनीला भाग पाडले. आज एकाच महानगरात चार वीजपुरवठादार आहेत: शहरात बेस्ट, मुलुंड-भांडुपला महावितरण, आणि बाकी उपनगरांत अदानी व टाटा. कोणाची वीज घ्यायची हे ठरवण्याची मुभा देशात फार थोड्या घरगुती ग्राहकांना आहे. अंधेरी-घाटकोपरच्या ग्राहकाने २००९ नंतर ‘चेंजओव्हर’चा अर्ज भरून ती वापरली. जादा पैसे मोजून पूर्ण हरित वीज मागण्याची सोयही राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये दिली. सुरुवातीला युनिटमागे ६६ पैसे.

आता बाहेर पाहू. आजच्या अक्षय ऊर्जेचा इतिहास साधारण १९७३च्या तेलसंकटापासून मांडला जातो. डेन्मार्क तेव्हा जवळजवळ सर्वस्वी आयात तेलावर जगत होता. सरकारचा कल अणुऊर्जेकडे होता, लोकांचा नव्हता. शेतकी अवजारे बनवणारे कारागीर, शाळांतले शिक्षक, गावातले हौशी तंत्रज्ञ यांनी पवनचक्क्या उभारल्या; १९७८ मध्ये ट्विंड इथल्या शाळेच्या मंडळींनी त्या काळची जगातली एक अजस्र पवनचक्की स्वतः बांधली. १९८५ मध्ये डॅनिश संसदेने अणुऊर्जेचा पर्याय योजनेतून काढून टाकला. १९९१ मध्ये विंडेबी इथे समुद्रातले पहिले पवनऊर्जा केंद्र आले. आज त्या देशाच्या विजेचा निम्म्याहून जास्त भाग वारा देतो.

जर्मनीचा रस्ता कायद्याचा. १९९१ पासून अक्षय वीज विकत घेणे वीजकंपन्यांना बंधनकारक झाले, आणि २००० सालच्या कायद्याने वीस वर्षांसाठी ठरलेल्या दराची हमी दिली. शेतकऱ्याने गोठ्यावर पॅनेल लावले तरी बँक कर्ज देऊ लागली, कारण उत्पन्न कायद्याने ठरलेले होते. त्याचा भार सामान्य ग्राहकाच्या बिलावर पडला, मोठ्या उद्योगांना सवलती मिळाल्या, आणि हा अधिभार अखेर २०२२ मध्ये बिलातून काढून सरकारी तिजोरीवर टाकावा लागला. पण त्या मागणीमुळे कारखाने वाढले, पुढे चीनने उत्पादन प्रचंड प्रमाणावर नेले आणि सौर पॅनेल जगभर स्वस्त झाले. भारतात २०१०च्या राष्ट्रीय सौर मोहिमेच्या सुरुवातीच्या लिलावांत बारा रुपयांच्या आसपास असलेला युनिटचा दर २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला इथे २ रुपये ४४ पैशांवर आला, यात जर्मन कुटुंबांनी भरलेल्या बिलांचाही वाटा आहे. हे ऋण मान्य करायला हवे. जर्मनीने अणुकेंद्रे २०२३ पर्यंत बंद केली, कोळसा मात्र पाठीमागे राहिला, आणि रशियन वायूवर विसंबल्याची किंमत २०२२ मध्ये मोजावी लागली. आधी काय बंद करायचे आणि नंतर काय, हा क्रम दुसऱ्याच्या अनुभवावरून फुकट शिकता येतो.

या क्षेत्रातल्या विचारधारा ढोबळमानाने अशा. एका बाजूला अमेरिकेतल्या अमोरी लव्हिन्स यांनी १९७६ मध्ये मांडलेला ‘मृदू मार्ग’: लहान, विखुरलेली, स्थानिक ऊर्जा आणि आधी काटकसर. आपल्याकडे बंगळुरूचे अमूल्य रेड्डी म्हणत की किती मेगावॅट हवेत हे विचारू नका, दिवा, पाणी, स्वयंपाक या गरजा कशा भागतील ते विचारा. मुंबईचे अभियंते के. आर. दाते यांनी पाणी, जैवभार आणि ग्रामीण रोजगार यांची सांगड घालणारा विचार आयुष्यभर मांडला. दुसरी बाजू भव्य उद्यानांची आणि लिलावांची: वाळवंटात हजारो मेगावॅट, लांब पल्ल्याच्या वाहिन्या, कमीत कमी दर. भारत सरकार प्रामुख्याने याच वाटेने गेले, आणि वेग पाहता ती वाट चुकीची म्हणता येत नाही. देशाची सौर क्षमता २०२५च्या सुरुवातीला शंभर गिगावॅटच्या पुढे गेली. तिसरी बाजू न्यायाची: कोळशावर जगणाऱ्या माणसांचे काय? दक्षिण आफ्रिकेने २०२२ मध्ये कोमाटी हे जुने कोळसा केंद्र बंद केले. पर्यायी कामे उभी राहण्याआधी कामगारांची गावे ओस पडू लागली. कोळशावर जगणाऱ्या चंद्रपूरच्या माणसाने हे प्रकरण मन लावून वाचावे.

शिकणे आणि आयात करणे यांतला फरक महाराष्ट्राला गुहागरने दाखवला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला, गुहागर तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प आला. परकी कंपनी, परके इंधन, डॉलरशी बांधलेला दर. राज्य वीज मंडळाला ती वीज घेणेही परवडेना आणि न घेणेही परवडेना. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने गिरीश संत आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून त्या कराराचे आकडे लोकांसमोर मांडले. मराठी वाचकाला वीज खरेदी करार वाचायला त्या काळाने शिकवले. सौर आणि पवनऊर्जेचे करारही दीर्घ मुदतीचेच असतात, म्हणून ती सवय मोडू नये.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो डेन्मार्कचा सहकार. कोपनहेगनच्या बंदराबाहेर मिडेलग्रुंडेन इथे २० पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांची मालकी साडेआठ हजारांहून जास्त सभासदांच्या सहकारी संस्थेकडे आली. पुढे पवनचक्क्या मोठ्या झाल्या, मालक दूरचे झाले, तसा डेन्मार्कमध्येही विरोध वाढला. तेव्हा २००९ च्या कायद्याने नव्या प्रकल्पाचे किमान वीस टक्के समभाग परिसरातल्या लोकांना देऊ करणे सक्तीचे केले. आता पाटण तालुक्यातले वनकुसवडे किंवा साताऱ्याजवळचे चाळकेवाडी पाहा. पठारांवर पवनचक्क्या आल्या त्या मुख्यतः वेगवान घसाऱ्याच्या करसवलतीमुळे. मालक मुंबई-पुण्याचे, आवाज आणि रस्त्यांची धूळ गावाची. दुष्काळाच्या वर्षांत पवनचक्क्या ढग पळवतात अशी समजूत सातारा-सांगलीकडे पसरली. ती समजूत शास्त्राला धरून नव्हती, पण तिच्या मुळाशी असलेली भावना खरी होती: या वाऱ्यात आमचा वाटा नाही. डेन्मार्कहून आपण पाती आणली, यंत्रे आणली, मालकीची रीत आणायची राहिली.

आणि ती रीत आपल्याला परकी नव्हती! प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला तो १९५०च्या सुमारास. आज राज्यातले साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून मोठ्या प्रमाणावर वीज करतात. श्रीरामपूरच्या बाजूला मुळा-प्रवरा ही वीज वितरणाची सहकारी संस्था दशकानुदशके चालली, थकबाकीत रुतली आणि २०११ मध्ये तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. सहकाराने काय होते आणि काय बिघडते, दोन्ही आपल्या घरात पाहून झाले आहे. डॅनिश संस्थेचे हिशेब मुळा-प्रवराच्या हिशेबांशेजारी ठेवून वाचले तर कोणत्याही परदेश दौऱ्यापेक्षा जास्त कळेल.

उपनगरांत तर जवळजवळ प्रत्येक इमारत ही एक सहकारी संस्था आहे. मुंबईत गृहनिर्माणातला सहकार १९१५ मध्ये गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने रुजवला. आज बोरिवली-मुलुंडची मध्यमवर्गीय वस्ती जवळजवळ सगळी सोसायट्यांमध्ये राहते. सभासद आहेत, समिती आहे, सर्वसाधारण सभा आहे, सिंकिंग फंड आहे, आणि सर्वांच्या मालकीची गच्ची आहे. पवईच्या आयआयटीच्या सहभागाने काही वर्षांपूर्वी झालेल्या अभ्यासात बृहन्मुंबईच्या छपरांची सौर क्षमता सुमारे १७०० मेगावॅट निघाली होती. शहराची कमाल मागणी चार हजार मेगावॅटच्या घरात जाते. शिवाय इथल्या कचेऱ्यांच्या एसींमुळे ही मागणी भर दुपारी, ऊन कडक असतानाच चढते. २०२४च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी, किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. मुंबईतल्या पॅनेलला जर्मनीतल्यापेक्षा कितीतरी जास्त ऊन मिळते. मग अडते कुठे?

अडते अशा ठिकाणी, ज्याचे उत्तर जर्मनीत सापडत नाही. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षे, आणि इमारत पाच वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल तर सर्वसाधारण सभा त्यावर पैसे का घालेल? पुनर्विकासानंतर चार मजल्यांच्या जागी वीस-बावीस मजले येतात. घरे वाढतात, गच्ची तेवढीच राहते आणि शेजारच्या टॉवरची सावली तिच्यावर पडते. वर पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे, पावसाळ्यासाठी घातलेले पत्रे. जून ते सप्टेंबर पॅनेलची वीज बरीच घटते. आणि घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरच्या घरांना गच्चीच नाही. ज्यांचे बिल सर्वांत कमी दराच्या टप्प्यात बसते, त्यांना छतावरच्या सौर विजेतून फारशी बचतही दिसत नाही. बचत दिसते ती जास्त वीज वापरणाऱ्या सुखवस्तू घराला. जर्मन अधिभाराने गरिबाच्या बिलातून बंगल्यावरच्या पॅनेलला पैसे पोचवले, ही टीका तिथे झाली. तीच चूक इथे वेगळ्या दाराने येऊ शकते. एक जर्मन गोष्ट मात्र इथे विचारात घेण्यासारखी आहे: बाल्कनीच्या कठड्याला लावायचा, साध्या प्लगने जोडायचा ८०० वॅटपर्यंतचा छोटा संच. २०२४ मध्ये तिथे त्याचे नियम सोपे झाले, भाडेकरूलाही तो लावण्याचा हक्क मिळाला, आणि लाखो घरांनी तो लावला. आपल्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे असतात, समोर दुसरी भिंत असते, वाऱ्या-पावसात सुरक्षिततेचा प्रश्न असतो, हे खरे; पण ज्याच्या वाट्याला गच्ची येत नाही त्याचा विचार कायद्याने केला, ही दृष्टी घेण्यासारखी आहे.

१२ ऑक्टोबर २०२० ची सोमवार सकाळ उपनगरांत कोणी विसरलेले नसेल. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि दहाच्या सुमारास सबंध मुंबई महानगराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या दिवसांत रुग्णालये जनित्रांवर आली. चार वर्षे आधी, २८ सप्टेंबर २०१६ ला, वादळात मनोरे कोसळून दक्षिण ऑस्ट्रेलिया हे सबंध राज्य अंधारात गेले होते. तिथे काहींनी लगेच पवनचक्क्यांना दोष दिला. चौकशीतून वीजयंत्रांच्या सुरक्षा-नियंत्रणातल्या नेमक्या त्रुटी पुढे आल्या, त्या दुरुस्त झाल्या, आणि २०१७च्या अखेरीस हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी उभी राहिली. मुंबईत बाहेरची वीज शहरात आणण्याच्या वाटा वाढवण्यावर भर दिला गेला. खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. ती आवश्यक होती. तिच्या वाटेत खारफुटी होती, हेही खरे.

साठवणुकीच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. डेन्मार्कला वारा जास्त झाला की तो नॉर्वेला वीज पाठवतो, वारा पडला की नॉर्वेच्या तलावांतली वीज घेतो. नॉर्वे आपल्याकडे घाटमाथ्यावर आहे. भिऱ्याला पाणी पुन्हा वर चढवून वीज साठवणारा १५० मेगावॅटचा संच आहे, घाटघरला २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र जपानी अर्थसाह्याने उभे राहिले, आणि भिवपुरी व शिरवता इथे फार मोठी उदंचन केंद्रे योजली आहेत. दुपारचे ऊन रात्रीपर्यंत टिकवायचे ते याच तलावांत. पण भीमा खोऱ्यातला शेतकरी विचारतो की दुष्काळी भागाकडे वाहणारे पाणी विजेसाठी कोकणात का सोडता, आणि १९२१ मधला मुळशीचा प्रश्न याच तलावांच्या काठावर पुन्हा उभा राहतो. आणखी एक धागा दूरवर जातो. अदानींच्या उपनगरी ग्राहकांसाठी जैसलमेरमध्ये सौर आणि पवन मिळून ७०० मेगावॅटचा प्रकल्प उभारलेला आहे. तिथल्या वीजवाहिन्यांवर आदळून माळढोक मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. सोलापूरच्या नान्नजला आपण ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य राखले, तोच हा पक्षी.

या पुस्तकातले लेखक अभियंते आहेत, शिक्षक आहेत, सोसायट्यांचे सचिव आहेत, एक-दोघांनी जर्मनीत आणि डेन्मार्कमध्ये नोकरी केली आहे. प्रत्येकाने एकेका देशाचा किंवा प्रदेशाचा अनुभव घेतला आणि त्याला तेच प्रश्न विचारले: खर्च कोणाच्या बिलात गेला, निर्णय कोणी घेतला, जमीन कोणाची होती, ढगाळ दिवसांत काय केले, आणि ही गोष्ट अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला आणली तर कुठे अडेल. सगळ्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. छतावरच्या पॅनेलवर विश्वास असलेला लेखक आणि दूरच्या उद्यानांवर विश्वास असलेला लेखक शेजारी-शेजारी वाद घालतात, आणि संपादनात तो वाद मुद्दाम मिटवलेला नाही. माझा स्वतःचा कल गच्चीकडे आणि सहकाराकडे आहे. तरी तेवढ्याने चार हजार मेगावॅट होणार नाहीत, हे मी लेखकांकडूनच नीट समजून घेतले.

अणुऊर्जा हा विषय इथे वेगळा घेतलेला नाही, त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. दर आणि अनुदानाचे आकडे बदलत राहतील, म्हणून ते ज्या वर्षाचे आहेत ते वर्ष जागोजाग दिले आहे. विजेचे पारिभाषिक शब्द बिलावर जसे छापलेले असतात तसेच ठेवले आहेत. वाचताना आपले एखादे जुने वीजबिल जवळ असू द्यावे. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन हे रकाने कशासाठी आहेत, याचा खुलासा दुसऱ्या लेखापासून सुरू होतो.